मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

आमच्या ह्यांना सगळं आवार मास्तर म्हणतं. मी 'अहो' म्हणते, आणि रागावले की तेवढंही म्हणत नाही. ह्यांचा धंदा विचाराल तर मिलिटरीतून सुटून आलेल्या ड्रायव्हरांना साधं, बाहेरच्या जगातलं हेवी लायसन मिळवून द्यायचं. माझा धंदा विचाराल तर मी रस्ता ओलांडते. हसू नका, पुढे कळेल.

आता कुणी म्हणेल, रणगाडे लादलेले ट्रेलर घाटातून उतरवलेल्या माणसाला लायसनसाठी मदत कशाला हवी? मीही लग्न झाल्यावर असंच म्हणत होते. पण ही माणसं वर्दी उतरवून घरी आली की कायद्याच्या लेखी त्यांना हातगाडीसुद्धा ढकलता येत नाही. मिलिटरीचं लायसन मिलिटरीपुरतं. बाहेर ट्रक चालवायचा, बस चालवायची, तर नवीन काढा. एक सवलत आहे: वरच्या साहेबाचा दाखला दाखवला की गाडी चालवून दाखवायची परीक्षा माफ, नुसती लेखी द्यायची. आणि नेमकी त्या लेखीत ही भली भली माणसं आपटतात. इंजिनचा बोल्ट न् बोल्ट तोंडपाठ, पण गाडी कुठे उभी करू नये ते विचारा, तोंडाकडे बघत राहतात. मिलिटरीच्या गाडीला नो पार्किंग कुठून आलं!

ती लेखी माझ्याकडे. आमच्या ऑफिसात, म्हणजे गॅरेजला लागून पत्रा टाकलेल्या खोलीत, मी टेबलावर रस्त्याच्या चिन्हांची कार्डं पत्त्यांसारखी पिसते आणि एकेक समोर टाकते. मिशावाले, टक्कल पडलेले, नातवंडं असलेले गडी शाळेतल्यासारखे उत्तरं देतात. चुकलं की मी बोलते, आणि माझी जीभ काही मऊ नाही. ह्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर सायकलचं एक वाकडं झालेलं चाक टांगलंय. नवा आलेला प्रत्येक जण त्याबद्दल विचारतो आणि हे प्रत्येकाला 'नंतर' म्हणून गप्प बसवतात.

ते चाक ह्यांच्या स्वतःच्या पहिल्या नोकरीतलं. सुटून आले तेव्हा एका किराणा व्यापाऱ्याचा टेम्पो चालवत होते. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर एक म्हातारा सायकल हातात धरून अचानक आडवा आला. ह्यांनी ब्रेक दाबला नाही. दाबायचं सुचलं नाही असं नव्हे, पाय उलट्या पेडलवर, वेगाच्या, गेला. म्हातारा गटारात उडी मारून वाचला, सायकल चाकाखाली गेली, आणि हे तसेच थेट गोदामापर्यंत गेले. तिथे गाडी लावली आणि उतरेचनात. दुपारी म्हातारा ते वाकडं चाक खांद्याला अडकवून गोदामात आला आणि ह्यांना सगळ्यांदेखत नको नको ते बोलला. शेवटी म्हणाला, "उद्या मी परत तिथूनच जाणार. बघतो कसा थांबत नाहीस ते." आणि म्हातारा खरंच गेला. रोज जायचा. हे थांबायला शिकले ते त्या म्हाताऱ्यामुळे, आणि ह्यांची शाळा निघाली तीही त्याच्यामुळेच.

मिलिटरीच्या गाड्यांच्या ताफ्याची रीत मला ह्यांनीच समजावली. धोक्याच्या भागात पुढच्या गाडीचं शेपूट सोडायचं नाही. मध्ये फट पडली की कुणीतरी घुसतं. रस्त्यात पोतं पडलेलं दिसलं, डबा दिसला, तर त्यात स्फोटकं आहेत असं धरून लांबून वळसा घालायचा. आणि माणूस आडवा आला तर तो ताफा थांबवायलाच आला आहे, तेव्हा थांबायचं नाही. हे सगळं त्यांना वर्षानुवर्षं घोटून घोटून शिकवतात. शिकवायला केवढी मोठी यंत्रणा, आणि घरी पाठवताना ते काढून घ्यायला एक माणूस नाही, ह्याचा मला भयंकर संताप येतो. दाखला हातात देतात, वर परीक्षा माफ करतात.

म्हणून हे स्वतःची परीक्षा घेतात. कायद्यात ती नाही, पण आमच्या भागातले गाडीमालक मिलिटरीचा माणूस घेताना लायसन नंतर बघतात, आधी मास्तरांचा शब्द विचारतात. आमच्या शिकाऊ ट्रकला शेजारच्या सीटखाली दुसरा ब्रेक बसवलेला आहे. ड्रायव्हरचं सगळं शिकून झालं की एका सकाळी हे त्याला गोदामांच्या मागच्या सरळ रस्त्यावर घेऊन जातात. रस्त्याच्या कडेला एक बिनचाकांचा ट्रेलर गंजत पडलाय. त्याच्या आडून मी निघते. हातात पिशवी, मान खाली, बाजाराला निघालेल्या बाईसारखी. अंतर ठरलेलं, वेग ठरलेला, ह्यांचा पाय दुसऱ्या ब्रेकवर. ड्रायव्हरला काही माहीत नसतं.

बहुतेक जण थांबतात. एकानं थांबून खिडकीतून मला विचारलं, "बाई, डोळे घरी ठेवून निघालात का?" ह्यांनी त्याला तिथल्या तिथे पास केलं. एक जण इतका गडबडला की खाली उतरून मला सॅल्यूट ठोकला. पण कधी कधी इंजिनचा आवाज कमी व्हायच्या ऐवजी चढतो. तो आवाज मी पिशवीचे बंद धरावेत तसा कानात धरून ठेवलाय. तो आला की मी पाऊल मागे घेते आणि ब्रेक ह्यांचा लागतो. मग त्या माणसाला हे भिंतीवरचं चाक दाखवतात, त्याची गोष्ट सांगतात, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असे कितीतरी जण पुढे सुधारले, दुधाचे टँकर चालवतात, वाटेत भेटले की हॉर्न देतात. अट एकच: ही परीक्षा ज्यानं दिली त्यानं पुढच्याला सांगायचं नाही. आजवर एकानंही तोंडातून ब्र काढला नव्हता.

मग आमचे जावई सुटून आले.

आमची एकुलती एक लेक. लग्नानंतर एका छावणीतून दुसऱ्या छावणीत बिऱ्हाड हलवत राहिली. आता मागच्या खोलीत आमच्याकडेच राहत होती, नवरा आणि छोट्या छकुलीसह. खोलीत पलंग टाकला की दार अर्धंच उघडायचं. लेक तक्रार करणारी नव्हे, पण माझ्या स्वयंपाकघरात माझ्या डब्यांमधून मीठ शोधताना तिचा चेहरा मला दिसत होता. त्यात जावयांना नोकरी लागत आली. कारखान्याची बस, कामगारांच्या मुलांना शाळेत नेणारी. नोकरीबरोबर कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्या. लेक जाऊन खोल्या बघूनही आली. ओट्याची उंची माझ्या हाताजोगी आहे, खिडकी सकाळच्या उन्हाची आहे, असं दिवसभर सांगत होती. मॅनेजर म्हणाला होता, सोमवारपासून माणूस पाहिजे, मास्तरांनी शुक्रवारी 'हो' म्हटलं की झालं.

जावई स्वभावानं सोनं. आवाज चढवणं नाही, ताटात टाकणं नाही. मी चेष्टेत 'जावईबापू, लेखीत नापास झालात तर जेवायला नाही' म्हणायचे आणि ते लाजून हसायचे. कार्डं टाकली की उत्तर तयार. शाळेचं चिन्ह टाकलं, म्हणाले, "वेग कमी, मुलं कुठूनही येतील असं धरून चालायचं." लेखीत पहिल्या झटक्यात पास. आवारात तर बघत राहावं असं काम. लांबडा ट्रेलर उलटा घेऊन खुणेला ठेवलेल्या दोन डब्यांच्या मधोमध एका दमात लावला. बाकीचे गडी टाळ्या वाजवत होते. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे टाळ्या वाजवत नव्हते.

घरी आल्यावर हे स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसले आणि गुडघा चोळू लागले. ह्यांचा गुडघा धरलाय, ब्रेकवर जाणाऱ्या पायाचाच.

"काय झालं?" मी विचारलं.

"बायपासवर रस्त्यात सिमेंटचं रिकामं पोतं पडलं होतं. त्यांनी सगळा ट्रक पलीकडच्या बाजूला काढला. बोलणं चालू होतं, तेही थांबलं नाही."

"मग?"

"समोरून स्कूटर येत होती. तो बिचारा मातीत उतरला म्हणून वाचला." ह्यांनी स्टूल पुढे ओढलं. "मी विचारलं, स्कूटर बघितलीत का? म्हणाले, कुठली स्कूटर? त्यांना पोतं दिसलं. स्कूटर दिसली नाही."

"सांगितलंत ना त्यांना?"

"सांगितलं. त्यांनी माफी मागितली. माझी." आणि हे पुन्हा गुडघा चोळू लागले.

त्यानंतर मीही बघू लागले. जेवताना जावयांची खुर्ची नेहमी दाराकडे तोंड करून. कुकरची शिट्टी झाली की हात ताटातच थांबायचा. एकदा रेल्वे फाटकाशी सगळ्या गाड्या अडकल्या तेव्हा जावई चालवत होते, मी मागच्या सीटवर होते. थंडीचे दिवस, पण त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि बोटं दारावर टकटक करत होती. पुढच्या गाडीपासून लांब थांबले होते, निघायला वाट राहील इतकं लांब. फाटक उघडल्यावर हसून म्हणाले, "सुटलो एकदाचे, आई." मीही हसले.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी लेक कपड्यांच्या घड्या घालताना मला म्हणाली, "आई, उद्या ह्यांच्या गाडीपुढे तू जाऊ नकोस."

"का गं?"

"तुझं वय काय, बाबांचा गुडघा काय. आणि ह्यांना काय परीक्षा! दाखला आहे ना?"

"दाखला सगळ्यांनाच असतो."

"घरच्या माणसालाही तेच नियम?" तिनं घातलेली घडी मोडली. "बाबांना सांग ना, नुसतं हो म्हणा. एवढं एकदा."

मला वाटलं, तिला माझी काळजी आहे. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "काही होत नाही. तुझ्या बाबांचा पाय असतो ब्रेकवर." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तीच ती घडी ती पुन्हा पुन्हा घालत राहिली.

सकाळी हे चहा न संपवताच उठले. रात्रभर ह्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, कुशी बदलत होते ते मला कळत होतं. ट्रक निघाला. मी नेहमीप्रमाणे गल्लीतून आडवाटेनं जाऊन ट्रेलरच्या आडोशाला उभी राहिले. गंजाचा वास, पायाखाली काचा, कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. ट्रकचा आवाज ऐकू आला. खुणेच्या दगडाशी आला की मी निघते. अजून आला नव्हता, आणि आवाज उतरला.

मी अजून ट्रेलरच्या आडच होते. इंजिन मंदावलं, ब्रेकची हवा सुटली. मग ठरल्याप्रमाणे मी पुढे झाले, तर ट्रक जवळजवळ थांबलाच होता. काचेतून जावयांचे डोळे दिसले. ते माझ्याकडे वळले नाहीत, आधीपासूनच तिथे लागलेले होते, ट्रेलरच्या नेमक्या त्या टोकाला. त्यांनी हात करून मला 'जा, जा' म्हटलं, अगदी सभ्यपणे. शेजारून ह्यांनी खिडकीबाहेर पंजा काढला. ती आमची पास झाल्याची खूण. ह्यांचा चेहरा इतका सुटलेला मी कित्येक दिवसांत बघितला नव्हता. ह्यांचं लक्ष ब्रेककडे होतं, माझ्याकडे होतं. जावयांच्या डोळ्यांकडे नव्हतं.

ट्रक पुढे वजनकाट्याकडे गेला. तिथून वळून ह्याच रस्त्यानं परत यायचा आणि मला घेऊन आवारात जायचा.

मी तिथे उभी राहिले आणि मला सगळं लख्ख कळलं. कुणी सांगितलं तेही कळलं. आमच्या घरात ट्रेलरची जागा माहीत असलेली माणसं तीनच, आणि त्यातल्या आम्ही दोघांनी सांगितलं नव्हतं.

खोटं कशाला सांगू, गप्प बसावं असं माझ्या मनात आलं. दोन खोल्या, सकाळच्या उन्हाची खिडकी. 'हो' तर ह्यांनी म्हटलेलंच होतं, मला काही बोलायची गरजच नव्हती. मग ती बस डोळ्यांपुढे आली आणि खिडक्यांतून बाहेर काढलेले ते छोटे हात. मी शूर वगैरे काही नाही. मला राग आला होता. लेकीचा, त्या दाखल्याचा, जावयांच्या त्या सभ्य 'जा, जा'चा. त्या रागातच मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले. तिथे गटाराच्या कामाचे सिमेंटचे मोठे पाईप रचून ठेवलेत. मी त्यांच्या मागे उभी राहिले. मनात एकच हिशेब: ह्यांचा पाय ब्रेकवर आहे, मला एकच पाऊल टाकायचंय.

हिशेब तिथेच चुकला. परीक्षा संपली म्हणून ह्यांनी दुखरा पाय लांब करून ठेवला होता.

ट्रक आला. मी पाऊल टाकलं. मान खाली घालायची असते, पण मी वर बघितलं. जावयांनी मला बघितलं, अगदी सरळ बघितलं. चेहऱ्यावर घाबरणं नाही, चिडणं नाही, काहीच नाही. आणि तो आवाज चढला.

मागे उडी मारली ती मी नव्हतेच, माझ्या आतलं कुणीतरी होतं. पाठ पाईपावर आपटली, कोपर सोलवटलं, पिशवी हातातून सुटली ती चाकाखाली जाताना दिसली. ट्रक माझ्या नाकासमोरून पूर्ण गेला. मग पुढे कुठेतरी ह्यांचा ब्रेक किंचाळला, इंजिन गचका खाऊन बंद पडलं. आणि शांततेत जावयांचा आवाज आला. तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"पाय काढा! पाय काढा, इथे थांबायचं नाही! मागचे येतायत, पाय काढा!"

ते चावी फिरवत होते. इंजिन खाकरत होतं, सुरू होत नव्हतं, ते पुन्हा फिरवत होते. मागे रस्ता रिकामा होता. ह्यांनी त्यांचा हात चावीवरून बोट बोट करून सोडवला.

जावई खाली उतरले तेव्हा नेहमीचे जावई होते. माझ्यापाशी येऊन वाकून कोपर बघितलं. "लागलं का, आई?"

"मी दिसले नाही का तुम्हाला?" मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

ते खाली बसले, तिथेच मातीत. "दिसलात," म्हणाले. "दिसलात म्हणूनच दाबला."

ह्यांनी चिरडलेली पिशवी उचलली, झटकली, घडी करून खिशात ठेवली. त्याबद्दल मला एक अक्षर बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि आजपर्यंत नाही.

दुपारी मॅनेजर आवारात आला. नवीन शर्ट, हातात बसची चावी, मुद्दाम दाखवायला आणलेली. जावई भिंतीशी उभे होते, त्या वाकड्या चाकाखाली. त्याची गोष्ट ह्यांनी त्यांना नुकतीच सांगितली होती.

"काय मास्तर, घेऊन जाऊ ना आमचा माणूस?"

"अजून नाही," हे म्हणाले.

मॅनेजर हसला. "चेष्टा करता काय! घरचे जावई तुमचे."

"म्हणूनच चेष्टा करत नाही."

मॅनेजरचं हसू मावळलं. "हे बघा, लायसन आजच्या आज मिळतंय, दाखला पक्का आहे. मला सोमवारी बस रस्त्यावर हवी. तुमच्या शब्दावाचून घेतो मी त्यांना. अडचण काय आहे?"

कायद्यानं त्याचं काही चुकत नव्हतं. हे खुर्चीचा हात धरून उठले, गुडघ्यानं साथ दिली नाही, परत बसले. मी मॅनेजरला काय सुनवायचं ते मनात जुळवत होते. पण त्याआधी जावईच पुढे आले. त्यांनी मॅनेजरच्या हातातली चावी घेतली आणि ती टेबलावर ठेवली, माझ्या कार्डांच्या शेजारी.

"मी येत नाही, साहेब," म्हणाले. "दुसरा माणूस बघा."

घरी लेकीला सांगायचं काम माझ्यावर आलं. ट्रक आधी थांबला होता आणि मग मी पाईपांमागून पुन्हा निघाले, एवढंच सांगितलं; पुढचं सांगावं लागलंच नाही, माझं कोपर बघून ती भिंतीला टेकली. मग उसळलीच. "घर मोडलंस माझं, आई. स्वतःच्या हातानं मोडलंस. थांबले होते ना ते? पहिल्यांदा थांबले होते ना?"

"तू सांगितलं होतंस म्हणून थांबले."

तिनं नाकारलं नाही. बराच वेळ रडली. मी पोळ्या लाटत राहिले, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. शेवटी ओट्याकडे पाठ करून ती हळूच म्हणाली, "कुत्रं होतं, आई. मागच्या सुट्टीत. नुसतं कुत्रं आलं मध्ये."

"काय झालं?"

"त्यांनी गाडी पळवली. कुत्र्यावरून नेली आणि तशीच पळवली, गाव संपेपर्यंत. मी ओरडत होते. मागे छकुली होती. घरी आल्यावर मला विचारतात, तू रडतेस का?" तिनं डोळे पुसले. "मला वाटलं, कुत्रंच तर होतं."

लाटणं माझ्या हातातच राहिलं. तव्यावरची पोळी करपली तरी आम्ही दोघी तशाच उभ्या होतो.

आता रोज सकाळी ट्रक निघतो. जावई चालवतात, शेजारी हे, पाय ब्रेकवर, परीक्षा असो वा नसो, पाय तिथून काढायचा नाही अशी मी सक्त ताकीद दिली आहे. वेग बैलगाडीचा. मी कधी ट्रेलरच्या आडून निघते, कधी पाईपांच्या, कधी झाडामागून. जावयांना माहीत असतं की मी कुठेतरी आहे. कुठे, ते नसतं. सगळं झाल्यावर ते रोज उतरून येतात आणि 'उद्या परत, आई' एवढंच म्हणतात. छकुलीला अजून ते गाडीत बसवत नाहीत. तिला कडेवर घेऊन पायी फिरवून आणतात, रस्त्याच्या अगदी कडेकडेनं.

कारखान्याची ती बस आम्ही उभ्या असतो तिथूनच जाते. मॅनेजरला दुसरा ड्रायव्हर मिळालाय, दाखला असलेला. आमच्याकडे तो कधी आला नाही. बस वळणावर दिसली की मी पाईपाला चिकटून उभी राहते आणि ती जाईपर्यंत श्वास घेत नाही. मुलं खिडकीतून आम्हाला हात करतात.

हो, आम्हाला. लेकही येते आता माझ्याबरोबर. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच चपला घालून दारात उभी राहिली, म्हणाली, "मीच ओलांडते." मी म्हटलं, "छकुली आहे तुला, तू मागे राहा." तेव्हापासून ती माझ्या मागे उभी असते, माझं मनगट दोन्ही हातांनी धरून. मी पाऊल टाकते आणि ती कान देऊन ऐकत राहते. आवाज चढला की मला मागे ओढायचं, एवढंच तिचं काम. अजून तरी रोज ओढावं लागतं.